घराचा विमा : नदीचा पूर आणि भिंतीचा तडा

अकोला-अमरावतीकडील एखाद्या नोकरदार घरात विचारले, 'घराचा विमा आहे का?' तर उत्तर बहुधा तयार असते. 'बँकेनं काढेल हाये ना जी, खात्यातूनच कटते.' घरच्या कर्त्या माणसाचा त्यावर पूर्ण भरवसा असतो. पेटीतला कागद काढून वाचला म्हणजे मात्र कळते की तो विमा घराचा नाहीच.

खात्यातून वर्षाला 436 रुपये कटत असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना होय. खातेदार मरण पावला तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. 20 रुपये कटत असतील तर तो सुरक्षा योजनेचा अपघात विमा. घराचे कर्ज घेताना बँकेने किंवा फायनान्स कंपनीने एकरकमी मोठा हप्ता कापून घेतला असेल, तर तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या जीविताचा विमा असतो. कर्जदार गेला तर उरलेले कर्ज फिटते. ही मोठीच सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण उद्या त्याच घरात पुराचे पाणी शिरले, भिंत पडली, तर त्या कागदाचा एक पैसाही उपयोग नाही. पीक विमा शेतातल्या पिकापुरता आणि गाडीचा विमा गाडीपुरता, हे आपल्याला चांगले ठाऊक असते. घराच्या बाबतीत मात्र 'कुठला तरी विमा आहे' एवढ्यावरच आपण निर्धास्त होतो.

काही बँका कर्ज देताना खरोखर इमारतीचाही विमा घ्यायला लावतात. तो असेल तर दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक म्हणजे विम्याची रक्कम. ती पुष्कळदा कर्जाच्या रकमेएवढीच असते, पुरते घर उभे करण्याएवढी नसते. दुसरी म्हणजे मुदत. कर्ज फिटले की हा विमा सहसा तिथेच संपतो, आणि घर स्वतःचे झाल्याच्या आनंदात त्याचे नूतनीकरण करायचे राहून जाते. शिवाय कर्ज चालू असेतोवर भरपाईचा पैसा आधी बँकेकडे जातो, हेही ध्यानात असावे.

विमा ही श्रीमंतांची चैन आहे असे आपल्याकडे अजून मानले जाते. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. 1947 सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा व्यवसाय सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या मानाने आयुर्विमा काढणे बंधनकारक असावे, अशी मागणी नोंदवली होती. आयुर्विमा 1956 मध्ये आणि सर्वसाधारण विमा 1973 च्या आरंभी सरकारी झाला. पुढे खासगी कंपन्या आल्या, तरी न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आजही घराचा विमा देतात.

एकच नमुना, सगळ्या कंपन्यांना

पूर्वी घराच्या विम्याच्या अटी वाचून वकिलालाही घाम फुटे. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठरवून दिली आहे. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावीच लागते. तेव्हा एजंटकडे गेल्यावर हे नाव घेऊनच मागावे. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. फरक पडतो तो हप्त्यात आणि वागणुकीत.

ही पॉलिसी घटनेवर चालते. आधी विचारतात, काय घडले? मग विचारतात, किती नुकसान झाले? घडलेली गोष्ट पॉलिसीतल्या यादीत बसली तरच दुसऱ्या प्रश्नाला अर्थ उरतो. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबून घरात शिरणे, जमीन खचणे, दरड, जंगलातला वणवा, बाहेरची वस्तू येऊन आदळणे, दंगल, संप, खोडसाळपणे केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी वा नळ फुटणे, एवढ्या गोष्टी त्या यादीत आहेत.

आपल्या भागात यांतल्या बऱ्याच गोष्टी घडून गेल्या आहेत. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुरात वरुडच्या शेजारचे, नागपूर जिल्ह्यातले मोवाड गाव उद्ध्वस्त झाले आणि 204 माणसे गेली. ज्यांचे प्राण वाचले त्यांची घरे राहिली नव्हती. 2021 च्या जुलैमध्ये अकोला शहरात रात्रीच्या मुसळधार पावसाने मोर्णेचे आणि नाल्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. 9 एप्रिल 2023 रोजी बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे वादळात जुने कडुलिंबाचे झाड टिनाच्या शेडवर कोसळून 7 जण मृत्युमुखी पडले. असेच झाड एखाद्या घरावर पडले तर घराचे नुकसान या पॉलिसीत बसते. माणसाच्या जिवाची भरपाई त्यात आपोआप नसते. मात्र थोडा जादा हप्ता भरला तर अशा दुर्घटनेत घरमालक किंवा जोडीदार दगावल्यास प्रत्येकी 5 लाखांची सोय जोडून घेता येते.

दंगलीचेही तेच. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दगडफेक-जाळपोळ झाली. अशा वेळी घराच्या खिडक्या फुटल्या, दार जाळले, तर भरपाई मागता येते. पण सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने घर पाडले गेले, अतिक्रमण म्हणून जेसीबी फिरला, तर ते नुकसान विम्याच्या बाहेर.

काळ्या मातीचे दुखणे

आता ज्या नुकसानीपायी वऱ्हाडातले घरमालक सर्वांत जास्त हैराण असतात, तिकडे वळू. ते नुकसान म्हणजे भिंतीचे तडे.

आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी जमीन अशी वरखाली होत असेल तर वरचे घर स्थिर कसे राहणार? पाया मुरमापर्यंत नेलेला नसला, खालून बीम बांधलेले नसले, की दोन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. दाराची चौकट दबते, कडी बसत नाही. नव्या ले-आउटमध्ये तर काळ्या मातीवर मुरमाचा भराव टाकून प्लॉट विकले जातात. भराव बसला की फरशी बसते.

यांतले काहीही विम्यात नाही. जमीन खचणे यादीत आहे, हे खरे. पण त्याच कलमाखाली बारीक अक्षरांत अपवाद दिलेले आहेत. नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, बांधकामाचे बसणे, भराव टाकलेल्या जागेचे बसणे किंवा सरकणे, सदोष आराखडा, निकृष्ट माल, कच्चे कारागिरीचे काम, यांची भरपाई नाही. नदीने काठ कुरतडणेही वगळलेले आहे. मोर्णेच्या वा अंबा नाल्याच्या काठावरच्या घरांनी हे नीट समजून घ्यावे. पुराचे पाणी घरात शिरले तर ती घटना आहे. काठ वर्षानुवर्षे ढासळत जाऊन एक दिवस भिंत गेली, तर तो दावा टिकणार नाही.

खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूला जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यातच क्षार. भिंतीला लोणा लागतो, जोत्यापासून दोन-तीन फूट प्लास्टर पापुद्र्यांनी गळते, विटेची भुकटी होते. हे हळूहळू झालेले झिजणे आहे. वाळवी, गंज, स्लॅबची ओल, टिनाच्या पत्र्याची गळती हीदेखील त्याच जातीची. विमा अचानक आलेल्या आघातासाठी असतो. घराची झीज ज्याची त्याने सांभाळायची असते. म्हणूनच नवे घर बांधणाऱ्याने पायात दोन पैसे जास्त घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तडा पडल्यावर कोणतीच कंपनी धावून येणार नाही.

झडीच्या पावसाचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. आठ-आठ दिवस झड लागली की गावाकडची मातीची, धाब्याची घरे भिजून बसतात. घरमालक म्हणतो, पावसाने घर पडले. कंपनीचा माणूस म्हणतो, वादळ नव्हते, पूर नव्हता, पाणी तुंबले नव्हते, भिंत जुनी होती. अशा दाव्यांत हमखास वाद होतो. त्या दिवशी आपल्या महसूल मंडळात किती पाऊस नोंदला गेला, वारा होता काय, गल्लीत पाणी साचले होते काय, याचे पुरावे लगेच गोळा केले तरच बाजू उभी राहते. ज्यांच्या भिंती वा छत कुडाचे, गवताचे, बांबूचे, ताडपत्रीचे आहे त्यांचे घर पॉलिसीच्या भाषेत 'कच्चे' ठरते. अशांनी विमा घेतानाच तसे लेखी सांगावे. पक्के घर म्हणून लिहून घेतले आणि पुढे पाहणीत कच्चे निघाले, तर हप्ताही गेला आणि भरपाईही.

टीव्ही जळाला, दागिने गेले

विजेचा दाब वाढून टीव्ही, फ्रिज, कूलरची मोटर जळणे ही तर उन्हाळ्यातली नित्याची तक्रार. शॉर्ट सर्किटने किंवा जादा दाबाने जे यंत्र जळाले, त्या यंत्राची भरपाई या पॉलिसीत नाही. आकाशातली वीज तारेतून आत येऊन टीव्ही जळाला तरी नाही. मात्र त्याच टीव्हीतून आग पसरून कपाट, गाद्या, भिंत जळाली, तर या बाकीच्या वस्तूंची भरपाई मिळते. यंत्राचे यंत्राला आणि आगीचे आगीला, असा हा हिशेब आहे.

चोरीबद्दलचा गैरसमज याहून मोठा. लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेले, कुलूप तोडून घर साफ झाले, तर 'भारत गृह रक्षा'त काही मिळत नाही. पूर, आग, दंगल अशी यादीतली घटना घडली आणि तिच्यामुळे घर उघडे पडून पुढील 7 दिवसांत चोरी झाली, तर तेवढीच चोरी धरतात. साध्या घरफोडीसाठी वेगळा विमा जोडून घ्यावा लागतो. जोडायचा असेल तर एजंटला स्पष्ट विचारावे आणि तो शब्द पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापून आला की नाही ते पाहावे. तोंडी आश्वासनाला किंमत नसते.

घरातल्या भांडीकुंडी, कपाट, पलंग, कपडे यांचा विमा इमारतीच्या विम्यासोबत आपोआप मिळतो. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठ्या यांत येत नाहीत. त्यांची किंमत ठरवून घेऊन वेगळी नोंद करावी लागते. रोख रक्कम नाही, आणि कागदपत्रेही नाहीत.

कागदपत्रांचे आपल्या घरांत विशेष मोल आहे. पोराच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, जागेची आखीव पत्रिका किंवा नमुना आठ, वडिलांची सेवापुस्तिका, हे सारे एकाच लोखंडी पेटीत असते, आणि ती पेटी बहुधा खाटेखाली, म्हणजे पुराचे पाणी पहिल्यांदा पोहोचते तिथेच. कोणतीही कंपनी त्याची भरपाई देत नाही. पेटी उंचावर ठेवावी आणि सगळ्यांच्या प्रती काढून एक संच नातेवाइकाकडे, दुसरा मोबाइलमध्ये ठेवावा. याला हप्ता लागत नाही.

समोरच्या खोलीत कोणी किराणा मांडला असेल, शिलाईच्या दोन मशिनी टाकल्या असतील, तर दुकानाचा माल घराच्या विम्यात धरत नाहीत. छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची निराळी पॉलिसी आहे.

रक्कम किती आणि नाव कुणाचे

विमा जागेचा नसतो, इमल्याचा असतो. कितीही मोठा पूर आला तरी प्लॉट जागेवरच राहतो. म्हणून 'आमच्या घराला 30 लाख येतात' हा आकडा विम्यात कामाचा नाही. समजा, आतील क्षेत्र 500 चौरस फूट आहे आणि आज तसेच घर बांधायला फुटाला 1,500 रुपये पडतात, तर इमारतीची रक्कम साडेसात लाख. सामानाचे त्यासोबत दीड लाख आपोआप. एवढ्या रकमेचा वर्षाचा हप्ता साधारणपणे काहीशे रुपयांतच असतो. नंतर वर एक मजला चढवला आणि क्षेत्र दहा टक्क्यांहून अधिक वाढले, तर कंपनीला कळवून फरक भरावा. न कळवता वाढवलेल्या मजल्याची भरपाई मिळत नाही.

नावाचा प्रश्न आपल्याकडे फार घरांत अडलेला असतो. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, तीन भाऊ तीन खोल्यांत राहतात आणि वारस नोंद कोणीच केलेली नाही. विमा काढणाऱ्याचा त्या घराशी हक्काचा संबंध कागदावर दिसावा लागतो. तेव्हा आधी तलाठी, ग्रामपंचायत किंवा सिटी सर्व्हेकडे वारस नोंद करून घ्यावी. भावाभावांत बोलणे बंद असेल तर निदान या एका कामापुरते बोलावे. भाड्याने राहणाऱ्याला घरमालकाच्या इमारतीचा विमा काढता येत नाही, पण स्वतःच्या सामानाचा येतो. रमाई आवास किंवा प्रधानमंत्री आवासचे घरकुल मिळालेल्यांनीही ध्यानात घ्यावे की अनुदान म्हणजे विमा नव्हे.

विमा नसेल तर

सरकारची मदत मिळते, पण ती किती? 2022 साली ठरलेल्या केंद्राच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000 आणि झोपडीला 8,000 रुपये. कपड्यांसाठी व भांड्यांसाठी प्रत्येकी 2,500. एक भिंत उभी करायलासुद्धा 6,500 पुरत नाहीत. तरीही पंचनामा करून घेतलाच पाहिजे, कारण तोच कागद विम्याच्या दाव्यातही उपयोगी पडतो.

गॅसच्या सिलिंडरने अपघात झाला तर वेगळा हप्ता न भरताही एक हक्क आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा घेतलेला असतो. मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, आणि नोंदणी असलेल्या पत्त्यावरील घराच्या नुकसानीपोटी एका अपघाताला कमाल 2 लाख. त्यासाठी वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे. कनेक्शन एका पत्त्यावर आणि सिलिंडर दुसऱ्या घरी असेल तर हा हक्क हातचा जातो.

आणखी एक गोष्ट. 1978 साली नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. तेव्हा अत्याचार प्रतिबंधक कायदा नव्हता. तो 1989 मध्ये आला. 1995 च्या नियमांनुसार या कायद्याखालील गुन्ह्यात घर जाळले वा उद्ध्वस्त केले गेले असेल, तर ते सरकारी खर्चाने विटा-दगडाचे बांधून देण्याची तरतूद आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचे हक्क लागू झाले आहेत. हा मार्ग विम्याहून निराळा आहे आणि विमा असला तरी तो सोडू नये. फिर्यादीत या कायद्याची कलमे लागली आहेत ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

दावा करताना

घटना घडल्यावर पहिला फोन कंपनीला करून दाव्याचा नंबर लिहून घ्यावा. आग असेल तर अग्निशमन दल आणि पोलीस, पूर-वादळ असेल तर तलाठी, यांच्याकडे नोंद करावी. आवरायला घेण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, पडलेल्या सामानाचे फोटो काढावेत. आपल्या बायाबापड्या चिखल दिसला की लगेच झाडू घेतात. सवय चांगली आहे, पण सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत मोडके सामान फेकू नये. अधिक नुकसान टळावे म्हणून ताडपत्री टाकली, पाणी उपसले, तर तो खर्च लिहून ठेवावा. दाव्याचा फॉर्म 30 दिवसांच्या आत द्यावा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागावे आणि ते पॉलिसीतल्या कोणत्या कलमावर आधारलेले आहे हे विचारावे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचे शेवटचे उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. विमा नियामकाचा तक्रारीचा फोन 155255 हा आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेत. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथेही फी पडत नाही.